हेलिकॉप्टर दगडासारखं पडत नाही, आणि ते 'प्रसंगावधान' पण नसतं

संपादक साहेब, नमस्कार.

तुमचा जुना वाचक आहे, पत्र मात्र पहिल्यांदाच लिहितोय आणि तेही एका शब्दावरून. हेलिकॉप्टर कुठं शेतात-बितात उतरलं की तुमच्याच काय सगळ्याच पेपरात एक ठरलेली ओळ येते, 'पायलटच्या प्रसंगावधानाने मोठा अनर्थ टळला'. मग पुढं कुणीतरी सांगतो की देवाची कृपा म्हणून वाचले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर चहा पिताना कुणीतरी हमखास म्हणतं की विमान निदान तरंगत तरी येतं हो, हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं म्हणजे दगडच. मी पंधरा वर्षं हेलिकॉप्टर उडवलंय, आता डोळ्यांमुळे मेडिकल, म्हणजे उडायला तब्येत ठीक असल्याचा दाखला, गेलं म्हणून घरी बसलोय, त्यामुळे हे ऐकलं की गप्प बसवत नाही. टपरीवर सांगून सांगून थकलो, आता तुम्हाला लिहितो.

आधी दगडाचं बघू. सायकल जोरात चाललेली असताना तुम्ही पायडल मारायचं थांबवलंत तर मागचं चाक काय लगेच थांबतं का, नाही ना, ते फ्रीव्हीलवर टक टक करत फिरतच राहतं. हेलिकॉप्टरच्या इंजिन आणि वरच्या पंख्याच्या मधे असंच फ्रीव्हील असतं. इंजिन मेलं की ते पंख्याला आपोआप सोडून देतं, पंखा मोकळा. आता हा मोकळा पंखा फिरता ठेवणार कोण, तर हवा. हेलिकॉप्टर खाली यायला लागलं की हवा खालून वर पात्यांमधून जाते आणि पंखा फिरवत ठेवते, फक्त त्यासाठी पायलटनं पात्यांचा तिरकेपणा लगेच कमी करायला हवा. तो करायचा लिव्हर डाव्या हाताला असतो, जुन्या गाड्यांच्या हँडब्रेकसारखा, त्याला कलेक्टिव्ह म्हणतात. तो खाली दाबला की झालं, पंखा हवेवर फिरतो, यालाच ऑटोरोटेशन. कोकणात, सह्याद्रीत ज्यांनी उक्षीची सुकलेली फुलं गरगर फिरत खाली येताना पाहिलीत त्यांना हे अर्धं आधीच कळलेलं आहे. आणि शेपटीचा छोटा पंखा हा मोठ्या पंख्यालाच गिअरनं जोडलेला असतो, त्यामुळे मोठा फिरतोय तोवर तोही फिरतो, म्हणजे इंजिन नसलं तरी पायातले पेडल काम करतात, हेलिकॉप्टर वळवता येतं, जागा निवडता येते. गरागरा वगैरे काही फिरत नाही ते.

पात्याची पण गंमत आहे. उतरताना सगळं पातं सारखं काम करत नाही. बुडाजवळचा साधारण पाव भाग फुकट असतो, टोकाकडचा भाग पंख्याला उलट मागं ओढत असतो, आणि मधला पट्टा असतो ना तो सगळा पंखा ओढत फिरवतो. मला हे पहिल्यांदा वर्गात सांगितलं तेव्हा पटलंच नव्हतं.

आता प्रसंगावधान. हा शब्द मला का खटकतो ते सांगतो. प्रसंगावधान म्हणजे प्रसंग आल्यावर डोकं शांत ठेवून विचार करणं. इथं विचार करायला वेळच नसतो हो. मी शिकलो कॅलिफोर्नियात, रॉबिन्सन आर-२२ वर, दोन सीटचं, दोन पात्यांचं, इतकं छोटं की आमच्या काकांनी फोटो बघून विचारलं होतं खरं आहे का पोरांचं. याची पाती हलकी, म्हणजे त्यांच्यात साठलेली ताकद कमी, इंजिन गेल्यावर पंख्याचा वेग धाडकन उतरतो. कलेक्टिव्ह खाली घ्यायला तुमच्याकडे एक-दीड सेकंद असतो, त्यातही पूर्ण पॉवर लावून वर चढत असाल तर अजून कमी. पंख्याचा वेग ठरलेल्या वेगाच्या ९७ टक्क्यांच्या खाली गेला की हॉर्न वाजतो. आणि रॉबिन्सनचा नियम असा की ८० टक्के अधिक दर हजार फुटाला एक टक्का, त्याच्या खाली पंखा गेला तर पाती स्टॉल होतात, म्हणजे हवेवर उचलून धरणंच सोडतात, आणि मग तो पंखा हवेत परत कधीच वेग घेत नाही. हां, तेव्हा मात्र दगड. म्हणजे टपरीवाल्याचं अगदीच खोटं नाही, तो फक्त दोन सेकंद पुढचं बोलतोय.

त्या दीड सेकंदात काय काय करायचं, तर डावा हात खाली, उजवा पाय पुढं कारण इंजिनचा जोर अचानक गेल्यानं नाक डावीकडे पळतं, आणि उजव्या हातातली काठी थोडी मागं. हे तिन्ही एकदम. आमचा इन्स्ट्रक्टर म्हणायचा आधी हात, मग डोकं. आणि हे पायाचं सुद्धा देशानुसार बदलतं बरं का. अमेरिकन हेलिकॉप्टरचा पंखा वरून बघितलं तर घड्याळाच्या उलटा फिरतो, फ्रेंच हेलिकॉप्टरचा घड्याळासारखा, त्यामुळे आपल्या आर्मीच्या मूळ फ्रेंच चीता-चेतकमध्ये इंजिन गेलं तर नाक उजवीकडे जातं आणि डावा पाय लागतो. आयुष्यभर चीता उडवलेला माणूस अमेरिकन बेल हेलिकॉप्टरवर आला की त्याच्या पायांना नव्यानं शिकवावं लागतं. ज्या गोष्टीला पायांनाच नव्यानं शिकवावं लागतं तिला तुम्ही प्रसंगावधान कसं म्हणता?

हा सराव कसा करतात ते कुणी छापतच नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो, कापू नका. हजारभर फुटांवर इन्स्ट्रक्टर थ्रॉटल बंद करून आयडलवर आणतो, इंजिन चालूच असतं पण पंख्याला ढकलत नाही. तुम्ही कलेक्टिव्ह खाली घेता, पोटात गोळा येतो, हेलिकॉप्टर मिनिटाला साधारण दीड हजार फुटांनी खाली जायला लागतं. हिशोब करा, हजार फुटांवरून चाळीस सेकंद. पाचशेवरून वीस. पुढचा वेग ६५ नॉटच्या, म्हणजे ताशी १२० किलोमीटरच्या आसपास धरायचा आणि पंख्याच्या काट्यावर डोळा. पंखा फार जोरात फिरायला लागला तर कलेक्टिव्ह जरासा वर, हळू झाला तर परत खाली, आणि वळण घेतलं की तो आपोआप जोर धरतो, हे सगळं हाताला कळायला महिने जातात. मग जमिनीपासून चाळीसेक फुटांवर नाक वर उचलायचं, फ्लेअर म्हणतात त्याला, पुढचा वेग आणि खाली जायचा वेग दोन्ही मारायचे. आठेक फुटांवर परत सरळ करायचं, आणि टेकायच्या जरासं आधी कलेक्टिव्ह वर ओढायचा, पंख्यात साठलेली सगळी ताकद तिथं एकदाच खर्च करायची आणि अलगद टेकायचं. एकदाच. लवकर ओढला तर दहा फुटांवर लटकाल आणि मग पडाल, उशिरा ओढला तर आधीच आपटलेले असाल. इथं परत ट्राय करतो असं नसतं.

शंभर फुटांवर एक चेक असतो, पंखा हिरव्या पट्ट्याच्या मध्यावर, वेग ६० ते ७० नॉटमध्ये स्थिर, खाली जायचा वेग दीड हजाराच्या आत, वळण पूर्ण झालेलं. यातलं एक जरी नसलं तरी सराव तिथंच सोडायचा, इंजिन परत लावून वर जायचं. हा नियम उगीच नाही आला, ऑटोरोटेशनच्या सरावातच इतके अपघात झालेत की रॉबिन्सन कंपनीनं त्यावर वेगळी सेफ्टी नोटीस काढलीय. न सांगता अचानक थ्रॉटल बंद करण्याबद्दल तर आणखी एक वेगळी नोटीस आहे, की हा प्रकार जीवघेणा ठरू शकतो म्हणून. आणि १९९५ मध्ये अमेरिकेच्या एफएएनं, म्हणजे तिथल्या विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, आर-२२ आणि त्याचा मोठा भाऊ आर-४४ साठी खास नियमच केला, आर-२२ वर नवा विद्यार्थी एकट्यानं उडायला सोडायच्या आधी त्याचे इन्स्ट्रक्टरबरोबर निदान वीस तास झालेले हवेत, आणि ऑटोरोटेशनचं जास्तीचं ट्रेनिंग हवं.

म्हणून बहुतेक विद्यार्थी शेवटपर्यंत टेकवतच नाहीत, जमिनीच्या थोडं वर इंजिन परत घेतात, याला पॉवर रिकव्हरी म्हणतात. खरोखर इंजिनशिवाय टेकवायचं हे अमेरिकेत इन्स्ट्रक्टर व्हायला निघालेल्याला करावं लागतं. यावर आमच्या लोकांत कायम वाद चालतो, एक म्हणतो शेवटचे दहा फूट कधी केलेच नाहीत तर खऱ्या दिवशी ते जमणार कसे, दुसरा म्हणतो कधीतरी होणाऱ्या बिघाडासाठी रोज हेलिकॉप्टर मोडायची का. माझं मत विचाराल तर आयुष्यात निदान थोडे तरी टेकवायला हवेत, चांगल्या इन्स्ट्रक्टरबरोबर, चांगल्या धावपट्टीवर, चांगला वारा असताना. मी टेकवलेत. पहिल्यांदा टेकवल्यावर पंखा हळूहळू थांबत होता आणि मला माझाच श्वास ऐकू येत होता.

आमची आत्या नागपूरची, तिकडं रिक्षाला ऑटो म्हणतात, आणि आम्ही पायलट ऑटोरोटेशनला ऑटो म्हणतो. मी फोनवर सांगितलं आज एका तासात आठ ऑटो केल्या, तर ती म्हणाली अरे एवढे पैसे कशाला उडवतोस बस नाही का तिथं.

अजून एक गोष्ट, ज्यानं माझंच म्हणणं जरा अडचणीत येतं. हात आधी खाली हे सगळीकडे चालत नाही. तीन फुटांवर हॉवर करत, म्हणजे हवेत एका जागी थांबलेलं असताना इंजिन गेलं तर कलेक्टिव्ह खाली घ्यायचाच नाही, नाहीतर धपकन आदळलात. तिथं फक्त पेडलनं नाक सरळ धरायचं आणि टेकताना कलेक्टिव्ह वर ओढायचा. म्हणजे हाताला एक नाही दोन सवयी लावायच्या आणि कुठली कधी हे हातानंच ओळखायचं. आणि मधला भाग तर त्याहून वाईट, ना तीन फूट ना पाचशे, कमी वेगात शे-दोनशे फुटांवर लटकलेलं हेलिकॉप्टर. तिथं इंजिन गेलं तर पंख्याला वेग द्यायला पुरेशी उंचीच नाही आणि पुढचा वेगही नाही. प्रत्येक हेलिकॉप्टरच्या पुस्तकात उंची आणि वेगाचा एक आलेख असतो त्यात हा भाग काळा केलेला असतो. म्हणून चांगला पायलट उगीच सभेच्या मैदानावर लोकांना दिसावं म्हणून घिरट्या घालत थांबत नाही, कितीही साहेब खिडकीतून हात हलवत असले तरी.

निलंग्याला २५ मे २०१७ ला मुख्यमंत्री फडणवीसांचं हेलिकॉप्टर खाली आलं तेव्हा मला इतके फोन आले की विचारू नका, सगळ्यांचा एकच प्रश्न, तुमचं ते ऑटो का नाही केलं. अहो ते दोन इंजिनांचं हेलिकॉप्टर, उडाल्यावर लगेच खाली येताना तारांत अडकलं. ऑटोरोटेशन करायला उंची लागते. तिथं सगळे वाचले ही मोठी गोष्ट, पण तो किस्साच वेगळा. तसंच ८ मार्च २०२३ ला मुंबईजवळ समुद्रात नौदलाचं एएलएच, म्हणजे ध्रुव हेलिकॉप्टर, उतरलं, अचानक पॉवर गेली आणि उंची झपाट्यानं कमी झाली असं नौदलानंच सांगितलं, पायलटनं कंट्रोल ठेवून पाण्यावर उतरवलं आणि तिघंही वाचले. काही ठिकाणी हेडिंग होतं 'कोसळलं'. कोसळणं आणि उतरवणं यात तीन माणसांचा फरक आहे साहेब.

इतिहासात पण गंमत आहे. हे हवेवर फिरणाऱ्या पंख्याचं तंत्र हेलिकॉप्टरच्या आधीचं आहे. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वा या माणसानं जानेवारी १९२३ मध्ये ऑटोजायरो उडवला, त्याचा वरचा पंखा कायम ऑटोरोटेशनमध्येच असायचा, इंजिन फक्त पुढं ओढायला. विमान हळू झालं की पडतं या भीतीवर त्यानं आयुष्य घालवलं, आणि १९३६ मध्ये लंडनजवळ क्रॉयडनला वारला तो साध्या प्रवासी विमानाच्या अपघातात. आणि सगळ्यात लांबलचक ऑटोरोटेशन केलं फ्रान्सच्या जाँ बुले यांनी, २१ जून १९७२ ला. लामा हेलिकॉप्टर घेऊन १२,४४२ मीटर उंच गेले, म्हणजे एव्हरेस्टच्याही साडेतीन किलोमीटर वर, तिथं पॉवर कमी केली तर इंजिनच विझलं, परत सुरू होईना, मग तिथून थेट जमिनीपर्यंत इंजिनशिवाय आले आणि नीट उतरले. आता हे लामा म्हणजे कोण, तर आपलं चीता. मुळात भारतीय सैन्याला हिमालयासाठी हवं होतं म्हणून फ्रेंचांनी ते बनवलं, नंतर आपली सरकारी कंपनी एचएएल इथं बनवायला लागली. आमच्या नाशिक रोडला गांधीनगरच्या आर्मी एव्हिएशन स्कूलवर याच चीता-चेतकवर पोरं शिकलीत, २०२२ मध्ये आर्मी एव्हिएशनच्या पहिल्या महिला लढाऊ पायलट कॅप्टन अभिलाषा बराक यांना विंग्ज मिळाले ते इथंच. घराच्या गच्चीवरून आवाज ऐकू येतो. इंजिनाचा सूर अचानक खाली गेला की शेजारचे घाबरून वर बघतात, मी मनात सेकंद मोजतो.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, ती सांगितल्याशिवाय हे पत्र म्हणजे नुसता शहाणपणा होईल. भारतात परत आल्यावर मी एका ठिकाणी नोकरीला लागलो, बेलचं जेटरेंजर उडवायला, एकच इंजिन पण पंखा जड, त्यामुळे चुका पोटात घालणारं हेलिकॉप्टर. मालकांना सरावाची फेरी म्हणजे फुकट जाळलेलं इंधन वाटायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही कंटाळा यायचा, साहेबांना इकडून तिकडं न्या, हेलिपॅडवर तासन्‌तास थांबा, परत आणा, असे कित्येक महिने गेले. मग चेकच्या दिवशी परीक्षकानं सरळ उडत असताना थ्रॉटल आयडलला घेतला. मी काय केलं असेल? मी मीटर बघितला. काय झालं म्हणून मीटर बघितला, मग त्याच्याकडे बघितलं, आणि तेवढ्यात हॉर्न वाजला आणि कलेक्टिव्ह त्यानंच खाली दाबला. दोन सेकंद गेले असतील. जड पंख्यानं वाचवलं, आर-२२ असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. तो काही रागावला नाही, खाली आल्यावर फक्त म्हणाला, तू विचार केलास. तीनच शब्द, पण त्या रात्री झोप नाही लागली मला. त्यानंतर मात्र भांडून भांडून महिन्याला सरावाची फेरी घेतली, मालकांना सांगितलं की इंधन वाचवायचं असेल तर गाडीनं जा.

आणि सरावाच्या फेरीत नुसता हात नाही, डोळे पण तयार करावे लागतात. उडताना मनात सतत चालू असतं, आत्ता गेलं तर कुठं. हजार फुटांवरून साधारण चारपट पुढं जाता येतं, म्हणजे सव्वा किलोमीटर, त्याच्या आतली जागा आधीच हेरलेली पाहिजे. नाशिकच्या बाजूला द्राक्षबागा वरून मऊ गालिचा वाटतात, पण मांडवाला सगळ्या तारा, तिथं जायचं नाही. ऊस पुरुषभर उंच, पाती अडकणार. भाताच्या खाचराला बांध. नुकतं नांगरलेलं रान असेल तर सरीच्या दिशेनं उतरायचं, आडवं उतरलात तर खालच्या दांड्या, स्किड, रुतून कोलांटी. कांदा काढलेलं, सोयाबीन काढलेलं सपाट रान म्हणजे लॉटरी. लाइटच्या तारा वरून दिसतच नाहीत, खांब शोधायचे आणि तारा आहेत असं धरायचं. वारा बघायला देवळाचा झेंडा, शेतातला धूर, तळ्यावरच्या लाटा, कारण वाऱ्याला तोंड करून उतरलात तर जमिनीवरचा वेग कमी. मी आजही एसटीच्या खिडकीतून शेतं बघताना हेच बघतो, बायको म्हणते तू शेती घ्यायला निघालास का.

तर साहेब माझी विनंती एवढीच, की पुढच्या वेळी अशी बातमी आली की तुमच्या बातमीदाराला पायलटच्या नशिबाबद्दल नको, दुसरं विचारायला सांगा. इंजिन किती होती, एक की दोन. बिघाड झाला तेव्हा उंची किती, वेग किती. खरंच इंजिन बंद पडलं होतं का नुसता दिवा लागला म्हणून खबरदारी म्हणून उतरवलं, कारण दोन्हीला आपण सरसकट इमर्जन्सी लँडिंग म्हणतो. आणि या पायलटनं शेवटचा ऑटोचा सराव कधी केला होता, त्याचे मालक तो करू देतात का. शेवटचा प्रश्न विचारल्यावर मालक गप्प बसले तर तीच तुमची बातमी.

पत्र फार लांबलं, जागा नसेल तर आत्याची गोष्ट कापा, सेकंदांची कापू नका.

आपला,
एक रिटायर्ड पायलट, नाशिक रोड